हवाई रायफल : नळीचा व्यास, छर्रे आणि अचूकता

हवाई रायफल म्हणजे दारूच्या स्फोटाऐवजी दाबलेल्या हवेच्या जोरावर छर्रा किंवा गोळी फेकणारी, नळीत सर्पिल खाचा असलेली बंदूक. तिच्या नळीच्या अंतर्व्यासाला कॅलिबर म्हणतात. ऑलिंपिकमधील १० मीटर नेमबाजीत ४.५ मिमी हे एकच कॅलिबर वापरले जाते. सर्वसाधारण वापरात ५.५ आणि ६.३५ मिमी ही मापेही आढळतात. साधारणपणे ९ मिमी व त्याहून अधिक व्यासाच्या हवाई रायफलींना 'मोठ्या व्यासाच्या' किंवा 'बिग बोअर' हवाई रायफली म्हटले जाते. काही जण ७.६२ मिमीपासूनच्या रायफलींचाही या वर्गात समावेश करतात. व्यास वाढला की अचूकता वाढते, असा एक समज सर्वत्र आढळतो. तो अर्धवट खरा आहे. अचूकता एकट्या व्यासावर ठरत नाही. छर्ऱ्याचा आकार व वजन, नळीतील खाचांचा पीळ, हवेच्या दाबाचे सातत्य, लक्ष्याचे अंतर आणि वारा या सर्वांच्या मेळातून ती ठरते.

मापे आणि परिभाषा

हवाई रायफलींची मापे इंच व मिलिमीटर अशा दोन्ही पद्धतींत सांगितली जातात. ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिमी, ०.२२ म्हणजे ५.५ मिमी, ०.२५ म्हणजे ६.३५ मिमी, ०.३५७ म्हणजे सुमारे ९ मिमी, ०.४५७ म्हणजे ११.६ मिमी आणि ०.५० म्हणजे १२.७ मिमी. छर्ऱ्याचे वजन ग्रेन या जुन्या एककात देण्याची रूढी अजून टिकून आहे. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. डब्यावर ८.२ ग्रेन लिहिलेले असेल तर तो छर्रा सुमारे ०.५३ ग्रॅमचा असतो.

नळीच्या तोंडातून बाहेर पडताना छर्ऱ्याला जो वेग असतो त्यास मुखवेग आणि त्या क्षणीच्या गतिज ऊर्जेस मुखऊर्जा म्हणतात. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १६८ मीटर वेगाने सुटला, तर त्याची मुखऊर्जा सुमारे ७.५ ज्यूल होते. स्पर्धेतील १० मीटर रायफली साधारण याच पातळीच्या असतात. याउलट २२.७ ग्रॅमची ११.६ मिमी गोळी २४० मीटर वेगाने सुटली, तर मुखऊर्जा साडेसहाशे ज्यूलच्या वर जाते. नाव दोघींचे हवाई रायफल हेच, पण ऊर्जेत सत्त्याऐंशी पटींचे अंतर आहे. म्हणून एकीचे नियम वा अनुभव दुसरीला लावणे दिशाभूल करणारे ठरते.

छर्ऱ्याचे आकार

हवाई रायफलीचा पारंपरिक छर्रा डमरूसारखा असतो. पुढे भरीव डोके, मध्ये बारीक कंबर आणि मागे पोकळ, पातळ घेर अशी त्याची रचना असते. मागची पोकळी दोन कामे करते. हवेचा दाब बसताच पातळ घेर किंचित पसरून नळीच्या खाचांत घट्ट बसतो आणि हवा निसटू देत नाही. तसेच वस्तुमान डोक्याकडे एकवटल्यामुळे उडताना हवेचा विरोध छर्ऱ्याचे शेपूट मागे धरून ठेवतो. बॅडमिंटनचे फूल कसेही फेकले तरी बुचाची बाजू पुढे करून जाते, तसाच हा प्रकार आहे. खाचांमुळे मिळणारी गिरकी या स्थैर्यात भर घालते.

डोक्याच्या आकारावरून छर्ऱ्यांचे प्रकार पडतात. चपट्या डोक्याचा छर्रा कागदी लक्ष्यावर स्वच्छ गोल छिद्र पाडतो, त्यामुळे गुण मोजणे सोपे जाते. मात्र हवेचा विरोध त्याला फार होतो. १० मीटरवर तो उत्तम असला, तरी तीस-पस्तीस मीटरच्या पुढे त्याचा भरवसा राहत नाही. घुमटाकार डोक्याचा छर्रा हवा अधिक सहज कापतो आणि मध्यम अंतरासाठी बहुतेक नेमबाज त्यालाच पसंती देतात. टोकदार छर्रे दिसायला आकर्षक असतात. पण त्यांचे टोक नेमके अक्षावर आणणे उत्पादकाला अवघड जाते आणि डब्यातल्या डब्यात ते ठेचले जाते. अचूकतेच्या कसोटीवर ते क्वचितच पहिले येतात.

मोठ्या व्यासाच्या रायफलींत डमरू छर्ऱ्याची जागा 'स्लग' घेतो. स्लग म्हणजे शिशाची भरीव, लंबगोल गोळी. काहींच्या बुडाला किंवा टोकाला लहानशी पोकळी असते. त्याला शेपटासारखा आधार नसल्यामुळे त्याचे स्थैर्य सर्वस्वी गिरकीवर अवलंबून असते. गोळी जितकी लांब, तितका खाचांचा पीळ घट्ट लागतो. ब्रिटिश गणिती जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये यासाठी एक सोपा नियम मांडला. व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणून गोळीच्या लांबीने भागले की एका पूर्ण फेऱ्यासाठी लागणारी नळीची लांबी मिळते. ९ मिमी व्यासाची व १८ मिमी लांबीची गोळी घेतल्यास उत्तर ६७५ मिमी येते. तीच गोळी २७ मिमी लांब केल्यास ते ४५० मिमीवर उतरते. हा नियम ढोबळ आहे, तरीही 'अधिक जड गोळी, अधिक अचूकता' हे समीकरण का फसते ते त्यातून कळते. वजन वाढवण्यासाठी गोळी लांब केली आणि नळीचा पीळ जुनाच राहिला, तर गोळी डगमगते आणि लक्ष्यपत्रावर गोल छिद्राऐवजी लांबट फाट दिसू लागते.

व्यास वाढल्याने काय बदलते

दाबलेली हवा छर्ऱ्याच्या बुडावर जोर लावते, आणि तो जोर बुडाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असतो. ४.५ मिमी व्यासाचे क्षेत्रफळ सुमारे १६ चौरस मिमी, तर ११.६ मिमीचे सुमारे १०६ चौरस मिमी असते. नळीत २०० बार दाब आहे असे धरल्यास पहिल्यावर सुमारे ३२० न्यूटन आणि दुसऱ्यावर सुमारे २,१०० न्यूटन जोर पडतो. बंदुकीच्या दारूच्या तुलनेत हवेचा दाब कमी असतो व तो मनमानी वाढवता येत नाही. त्यामुळे हवेतून अधिक ऊर्जा काढायची तर व्यास वाढवणे आणि नळी लांब ठेवणे हे दोनच खरे मार्ग उरतात. मोठ्या व्यासाच्या हवाई रायफलींच्या नळ्या लांबलचक का असतात, याचे उत्तर येथे आहे.

ही कल्पना नवीन नाही. बार्तोलोमेओ गिरांदोनी याने बनवलेली हवाई रायफल ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास स्वीकारली होती. तिचा व्यास सुमारे ०.४६ इंच होता आणि कुंद्याच्या जागी हवेची टाकी बसवलेली असे. अमेरिकेत १८०४ ते १८०६ या काळात झालेल्या लुईस व क्लार्क यांच्या मोहिमेत याच पद्धतीची रायफल होती, असे मानले जाते. पुढे धातूच्या काडतुसांनी ती मागे पडली. आज हा प्रकार अमेरिकेत पुन्हा रुजला आहे. एअरफोर्स टेक्सन, बेंजामिन बुलडॉग, उमारेक्स हॅमर ही तेथील परिचित नावे आहेत.

ऊर्जा मर्यादित असेल तर मात्र लहान व्यास वरचढ ठरतो. इंग्लंड व वेल्समध्ये परवान्याशिवाय बाळगता येणाऱ्या हवाई रायफलीची मर्यादा १२ फूट-पौंड, म्हणजे सुमारे १६ ज्यूल आहे. एवढ्याच ऊर्जेत ४.५ मिमीचा ०.५५ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे २४० मीटर वेगाने सुटतो, तर ५.५ मिमीचा १.०३ ग्रॅमचा छर्रा सुमारे १७५ मीटरने. ४० मीटरपर्यंत पोहोचताना पहिला नळीच्या रेषेखाली सुमारे १६ सेमी उतरतो आणि दुसरा सुमारे २९ सेमी. अंतराच्या अंदाजात दोन-तीन मीटरची चूक झाली, तर पहिल्यात ती खपून जाते. दुसऱ्यात नेम चुकतो. अनोळखी अंतरावरच्या 'फील्ड टार्गेट' स्पर्धांत त्या देशात ४.५ मिमीचे वर्चस्व आहे ते यामुळेच.

वारा

छर्रा वाऱ्याने किती सरकेल हे त्याच्या उड्डाणाच्या एकूण वेळेवर ठरते असे वाटते, पण तसे नसते. हवेच्या विरोधामुळे त्या उड्डाणाला जो जादा वेळ लागला, त्यावर ते ठरते. निर्वात पोकळीत लागला असता तो वेळ वजा करून उरलेल्या वेळेला वाऱ्याच्या वेगाने गुणले, की आडवे विचलन मिळते. ५.५ मिमीचा १.१७ ग्रॅमचा घुमटाकार छर्रा २७० मीटर वेगाने सुटला आणि बाजूने सेकंदाला ३ मीटरचा वारा असला, तर ५० मीटरवर विचलन सुमारे ५ सेमी येते. १०० मीटरवर ते सुमारे २० सेमी होते. अंतर दुप्पट, विचलन चौपट. त्याच व्यासाचा, हवा चांगली कापणारा स्लग त्याच वेगाने सोडला तर हेच आकडे साधारण दीड सेमी आणि सहा-सात सेमी होतात.

कोकणात दुपारनंतर खारा वारा सुटतो, त्याची ही गती सहज असते. झाडांची पाने हलू लागतात एवढेच. नेमबाजाला तो वारा अंगावर सुखद वाटतो आणि लक्ष्यावर महागात पडतो. खुल्या मैदानात शंभर मीटरवर नेम साधणाऱ्यांना मोठ्या व्यासाचा खरा फायदा होतो तो येथे, कारण जड, लांब गोळी वेग टिकवून ठेवते. हा फायदा मूळ आकाराचा आणि वजनाचा आहे. व्यास त्यासाठी केवळ जागा करून देतो.

वेगालाही वरची मर्यादा आहे. ध्वनीचा वेग हवेत २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. डमरू छर्रा त्या वेगाच्या जवळ गेला की त्याच्याभोवतीचा हवेचा प्रवाह बिघडतो आणि तो भरकटू लागतो. बहुतेक रायफलींत डमरू छर्रे २४० ते २९० मीटरच्या पट्ट्यात सर्वांत नीट जातात. जाहिरातीत खोक्यावर छापलेला प्रचंड वेग बहुधा अतिशय हलक्या छर्ऱ्याने मिळवलेला असतो आणि अचूकतेच्या दृष्टीने तो निरुपयोगी असतो.

दाबाचे सातत्य

स्प्रिंगच्या रायफलीत प्रत्येक वेळी स्प्रिंग तेवढीच दाबली जाते, म्हणून वेग बऱ्यापैकी सारखा राहतो. मात्र दट्ट्याच्या धक्क्याने छर्रा बाहेर पडण्यापूर्वीच रायफल हलते. आधीच भरलेल्या टाकीवर चालणाऱ्या रायफलीत हा धक्का नसतो. तिची अडचण निराळी आहे. प्रत्येक बाराबरोबर टाकीतला दाब घटतो. ४.५ मिमीची स्पर्धा रायफल हवा इतकी कमी वापरते, की एका भरणीत शंभराहून अधिक बार सहज होतात; शिवाय रेग्युलेटर दाब स्थिर ठेवतो. ११.६ किंवा १२.७ मिमीची रायफल एका बाराला हवेचा मोठा घोट घेते. अशा कित्येक रायफलींत एका भरणीतले दोन ते पाच बारच एकसारखे असतात.

याचा परिणाम आकड्यांत मोठा दिसतो. २४० मीटर वेगाची जड गोळी १०० मीटरवर जाईपर्यंत सुमारे ९० सेमी खाली येते. पुढच्या बाराला वेग दोन टक्क्यांनी घटला, तर ती जवळपास साडेतीन सेंटीमीटर आणखी खाली लागते. शंभर मीटरवर एक कोनीय मिनिट म्हणजे २.९ सेमी. म्हणजे नेमबाजाने, नळीने आणि गोळीने काहीही चूक केली नाही तरी केवळ दाब घसरल्याने एका मिनिटाहून अधिक चूक पदरात पडते. मोठ्या व्यासाच्या रायफलीची तुलना करताना पहिले दोन बार आणि पाचवा बार वेगवेगळे पाहावे लागतात ते यासाठी.

अचूकता कशी मोजतात

रायफल पक्क्या आधारावर ठेवून एकाच बिंदूवर ठरावीक बार करायचे आणि सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या केंद्रांतील अंतर मोजायचे, ही प्रचलित रीत आहे. या छिद्रांच्या पुंजक्याला नेमबाज 'ग्रुप' म्हणतात. रीत सोपी असली तरी फसवी आहे. बार जितके अधिक, तितका पुंजका आपोआप मोठा होत जातो. एकाच रायफलीचे तीन, पाच आणि दहा बारांचे सरासरी पुंजके सांख्यिकीनुसार साधारण २.४ : ३.१ : ३.८ या प्रमाणात येतात. एका छर्ऱ्याचा तीन बारांचा पुंजका दुसऱ्याच्या दहा बारांच्या पुंजक्याशी ताडून निकाल देणे म्हणजे निकाल आधीच ठरवणे होय. एखादा तीन बारांचा सुंदर पुंजका खिशात जपून ठेवणारे नेमबाज जगभर आहेत. त्याने रायफलीविषयी फारसे काही सिद्ध होत नाही. दहा बारांचे तीन-चार पुंजके, त्याच दिवशी, त्याच दाबाच्या टप्प्यात आणि छर्रे आलटून पालटून घेतलेले असतील, तरच तुलनेला अर्थ राहतो.

एकाच कंपनीचे, एकाच नावाचे छर्रेही डब्यागणिक बदलतात. स्पर्धेचे ४.५ मिमी छर्रे डोक्याच्या व्यासानुसार ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी असे शंभरांश मिलिमीटरच्या फरकाने विकले जातात. गंभीर नेमबाज रायफल शिकंज्यात आवळून वेगवेगळ्या उत्पादन-गटांचे छर्रे तपासतात, आणि जमलेल्या गटाचे डबे एकदम घेऊन ठेवतात. मोठ्या व्यासाच्या गोळ्या अनेक जण स्वतः साच्यात ओततात. तेथे शिसे किती शुद्ध, साचा किती तापलेला, आत हवेचा बुडबुडा राहिला का, यावर वजन बदलते. म्हणून प्रत्येक गोळी तोलून वेगळी काढणे, मग मापाच्या साच्यातून ढकलून व्यास सारखा करणे, ही कामे अचूकतेचा भाग समजली जातात. शिसे विषारी असल्याने ओतकाम मोकळ्या हवेत करतात आणि छर्रे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय काही खात नाहीत.

१० मीटरचे माप

ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफल १९८४ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेपासून आहे. तिच्या लक्ष्यावरील दहाचा बिंदू केवळ अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. छर्ऱ्याच्या छिद्राने त्या बिंदूला स्पर्श केला तरी दहा गुण मिळतात. म्हणजेच छर्ऱ्याचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत असावे लागते. पुढे प्रत्येक पाव मिलिमीटरला दशांश गुण वाढतो आणि कमाल गुण १०.९ होतात. २५ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील, ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर व दिव्यांश सिंह पन्वर या भारतीय संघाने १८९३.७ गुणांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक मिळवले. १८० बारांवर ही सरासरी १०.५२ येते. तिघांचे छर्रे सरासरीने केंद्रापासून सव्वा मिलिमीटरच्या आत पडले, असा त्याचा अर्थ. साडेसात ज्यूलच्या, हातात मावणाऱ्या हवेच्या जोरावर मिळालेली ही अचूकता मोठ्या व्यासाच्या कोणत्याही रायफलीला आव्हान देणारी आहे. मात्र ती बंदिस्त, वारा नसलेल्या जागेत आणि दहा मीटरवर मिळालेली आहे, हे विसरून चालत नाही.

रायगड जिल्ह्यातील संदर्भ

पेण व रोहा भागात हवाई बंदुकीचा पहिला परिचय बहुधा जत्रेतल्या फुगे फोडण्याच्या दुकानात होतो. तेथल्या बंदुकांची माशी हललेली आणि नळी झिजलेली असते. फुगा चुकला म्हणून मुलाने स्वतःला दोष देण्याचे कारण नसते. नेमबाजी खेळ म्हणून शिकायची झाल्यास जवळचे नावाजलेले ठिकाण पनवेल आहे. तेथील लक्ष्य शूटिंग क्लब सुमा शिरूर यांनी उभारला. शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूर येथील आशियाई स्पर्धेत पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली आणि त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत स्थान मिळवले. टोकियो पॅरालिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या अवनी लेखरा यांच्या त्या प्रशिक्षक आहेत. राज्यात मुंबईतील वरळी आणि पुण्यातील बालेवाडी येथेही नेमबाजीची केंद्रे आहेत.

कायद्याने या विषयाला भारतात ठळक रेषा आखली आहे. शस्त्र अधिनियम १९५९ खालील शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिमीपेक्षा अधिक व्यासाची किंवा २० ज्यूलपेक्षा अधिक मुखऊर्जेची हवाई रायफल बाळगण्यास परवाना लागतो. दोहोंपैकी एक मर्यादा ओलांडली तरी पुरे. साहजिकच येथे वर आलेल्या ९, ११.६ वा १२.७ मिमीच्या सर्व रायफली परवान्याच्या कक्षेत येतात. परदेशी चित्रफिती पाहून मोठी नळी मागवणारा किंवा गावातल्या कारागिराकडून साध्या रायफलीची स्प्रिंग बदलून घेणारा तरुण नकळत फौजदारी गुन्ह्याच्या जवळ जातो.

परदेशात मोठ्या व्यासाच्या हवाई रायफलींचा एक प्रमुख उपयोग शिकारीचा आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मुळे तो मार्ग बंद आहे. मुंबई–गोवा महामार्गावर पनवेल आणि पेण यांच्या दरम्यान कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे. मुरूड व रोहा तालुक्यांतील फणसाड अभयारण्य तर एके काळी जंजिरा संस्थानाचे शिकारीचे राखीव जंगल होते. अभयारण्याबाहेरच्या शेतातही संरक्षित पक्षी वा प्राणी हवाई बंदुकीने मारणे हा गुन्हाच आहे. बंदुकीला परवाना लागत नाही यावरून शिकारीलाही लागत नाही असा निष्कर्ष निघत नाही.

हवामान आणि निगा

किनारपट्टीच्या उष्ण, दमट हवेचा परिणाम छर्रा आणि रायफल या दोहोंवर होतो. ३५ अंशाला हवेची घनता २० अंशाच्या तुलनेत सुमारे पाच टक्क्यांनी कमी असते, म्हणून मे महिन्यात लावलेला नेम जानेवारीच्या पहाटे लांब अंतरावर किंचित खाली लागतो. टाकी उन्हात ठेवली तर दाबही चढतो. २५ अंशाला २०० बार भरलेली टाकी ४५ अंशाला सुमारे २१३ बार दाखवते आणि पहिले बार वेगळ्याच वेगाने जातात. पावसाळ्यात हातपंपाने हवा भरताना हवेतील बाष्प दाबाखाली पाणी होऊन टाकीत उतरते, गंज धरतो आणि झडप चिकटू लागते. त्यामुळे पंपाला ओलावा शोषणारी जाळी लावतात. छर्ऱ्यांचा डबा उघडा राहिला तर शिशावर पांढरी बुरशीसारखी पूड चढते. असे छर्रे नळीत घासतात, व्यासाने जुळले तरी विखुरतात; ते पुसून वापरण्यापेक्षा टाकून देणे बरे.